मोबाइल-संगणकाच्या पडद्याच्या काळातील छपाई : पुण्याच्या नारायण पेठेतील एका मुद्रणालयाचा अनुभव

आमच्या वाचनालयाची स्मरणिका पुण्याच्या नारायण पेठेतील एका मध्यम आकाराच्या मुद्रणालयातून नुकतीच छापून आली. त्या कामाविषयी सविस्तर लिहावे असे वाटले, कारण छपाईचा धंदा आता संपत आला आहे असे सर्रास बोलले जात असताना हे मुद्रणालय नेमके कशावर उभे आहे, हे तेथील कामकाज पाहताना स्पष्ट होत गेले. मालकांच्या इच्छेवरून नाव देत नाही. मजकुराचा भर त्यांच्या कामाच्या पद्धतीवर आहे.

स्मरणिका डेमी, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाच्या आकाराची, एकरंगी मजकुराची 160 पृष्ठे आणि जुन्या छायाचित्रांची 16 पृष्ठे, अशी होती. समितीने एक हजार प्रती काढण्याचे ठरवले होते, कारण प्रती वाढल्या की प्रतिप्रत खर्च उतरतो हे गणित सर्वांच्या डोक्यात पक्के बसलेले आहे. धातूच्या प्लेटवरून छापणाऱ्या ऑफसेट यंत्राच्या बाबतीत ते खरेही आहे. सोळा पृष्ठांचा एक फॉर्म, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकत्र छापून मग दुमडायचा मोठा कागद, धरला तर 160 पृष्ठांचे दहा फॉर्म होतात, प्रत्येक फॉर्मला दोन बाजू, म्हणजे एका रंगासाठीही वीस प्लेटा लागतात. त्यात यंत्र लावताना शाई आणि पाणी यांचा मेळ बसेपर्यंत वाया जाणारा कागद निराळा. हा खर्च शंभर प्रतींना जितका, जवळजवळ तितकाच हजार प्रतींना. परंतु मालकांनी अंदाजपत्रक देण्याआधी विचारले की सभासद किती आहेत, त्यांपैकी आगाऊ नोंदणी कितींनी केली आहे आणि उरलेल्या प्रती कोठे ठेवणार आहात. या प्रश्नांची उत्तरे देताना समितीलाच उमगले की तीनशेच्या वर प्रती लगेच खपणार नाहीत.

त्यानंतर त्यांनी सुचवलेली योजना मला या सबंध व्यवहारातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. मजकुराची पृष्ठे डिजिटल यंत्रावर तीनशे प्रतींपुरतीच छापावीत, कारण तेथे प्लेट नसते आणि पहिल्या प्रतीला जो खर्च येतो तोच तीनशेव्या प्रतीलाही येतो. छायाचित्रांची पृष्ठे आणि मुखपृष्ठ मात्र ऑफसेटवर हजार प्रतींचे छापून घ्यावे आणि जास्तीचे कागद न दुमडता, न कापता गठ्ठ्यात बांधून ठेवावेत. पुढे पन्नास प्रतींची मागणी आली तर फक्त मजकूर नव्याने छापायचा आणि ठेवलेले कागद त्याला जोडायचे. छायाचित्रांना ऑफसेटचा दर्जा मिळतो, मजकुराच्या न खपलेल्या प्रतींचे ढीग साचत नाहीत आणि पुस्तक ‘अनुपलब्ध’ होत नाही. छापखान्याने ग्राहकाला कमी प्रती छापायला सांगणे म्हणजे स्वतःचे बिल स्वतः कमी करणे होय. तरीही येत्या काळात हाच सल्ला देणारे मुद्रणालय टिकेल, असे माझे ठाम मत आहे, कारण कागदावर काय आणि किती यावे याचा विचार ग्राहक आता पूर्वीपेक्षा अधिक काटेकोरपणे करू लागला आहे.

छायाचित्रांबाबतही असाच विचार दिसला. आमच्याकडील बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल होती आणि चार रंगांत छापली तर ती ‘उठून दिसतील’ असे आम्हाला वाटत होते. त्यांनी नमुने काढून दाखवले की चार रंगांच्या मिश्रणातून करडा रंग काढताना एखादी शाई किंचित वाढली तरी चेहरे हिरवट किंवा तांबूस दिसू लागतात. त्याऐवजी काळी आणि करडी अशा दोनच शाया वापरल्या, त्यामुळे प्लेटाही निम्म्या लागल्या आणि धोतराच्या चुण्या व चष्म्यांच्या कडा विलक्षण स्पष्ट उमटल्या. ज्यांनी आपल्या आजोबांना या पानांत ओळखले त्यांच्या आनंदाला या दोन शायांचा मोठा आधार आहे.

मराठी मजकुराच्या जुळणीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण अनेक ठिकाणी मराठी पुस्तकांची दुर्दशा येथेच होते. लेखक आता युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतांत, मजकूर पाठवतात. कित्येक छापखाने तो जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये रूपांतरित करून घेतात आणि त्या रूपांतरात रफार सरकतो, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, ‘ऱ्य’ तर हमखास बिघडतो. अन्य एका ठिकाणी छापलेल्या आमच्या अहवालात ‘कार्यकर्ते’ या शब्दाचे तीन निरनिराळे अवतार निघाले होते. या मुद्रणालयात युनिकोड मजकूर थेट इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लावला जातो, रूपांतर होतच नाही, आणि त्यामुळे मुद्रितशोधनाचा वेळ यंत्राच्या चुका हुडकण्यात न जाता लेखकाच्या चुकांवर खर्च करता येतो. शेवटचे मुद्रित, म्हणजे तपासणीची प्रत, पडद्यावर न दाखवता ज्या कागदावर पुस्तक छापायचे त्याच कागदावर काढून देतात. पडद्यावर वाचताना सुटलेल्या अनेक चुका त्या कागदावर सापडल्या.

बांधणी उत्तम आहे. 160 पृष्ठांच्या पुस्तकाला गरम गोंदाची बांधणी पुरते, मात्र कागदाच्या तंतूंची दिशा पुस्तकाच्या कण्याला समांतर असावी लागते, नाही तर पुस्तक उघडे राहत नाही आणि पाने लाटेसारखी फुगतात. ही काळजी त्यांनी न सांगता घेतली.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. मुखपृष्ठाचा नमुना मॅट लॅमिनेशन (चकाकी नसलेला पातळ प्लास्टिकचा थर) न करता दाखवला गेला आणि लॅमिनेशननंतर गडद निळा रंग जवळजवळ काळा झाला. हा फरक अपेक्षित असतो, तेव्हा त्याची कल्पना आधी द्यायला हवी होती. काम कोठवर आले हे कळण्यासाठी दूरध्वनीखेरीज मार्ग नाही आणि दिवाळी अंक, दिनदर्शिका व लग्नपत्रिका यांच्या हंगामात तो दूरध्वनी क्वचितच उचलला जातो. अंदाजपत्रक एकरकमी मिळते. कागद, छपाई, बांधणी अशी फोड मागितल्यावरच मिळाली. छपाईत इतका पारदर्शक सल्ला देणाऱ्यांनी हिशेबात ही सवय ठेवू नये.

आमचे काम चालू असताना उरलेली दालने पाहता आली आणि धंदा कोणत्या दिशेने सरकला आहे ते तेथे दिसले. बिलबुके आणि लेटरहेड यांचे काम फारच आटले आहे. जीएसटीनंतर आणि संगणकावर बिले निघू लागल्यावर दुकानदाराला तीन रंगांच्या कार्बन-प्रतींची गरज उरली नाही. धातूच्या अक्षरखिळ्यांनी छापणारे जुने ट्रेडल यंत्र मात्र अजून चालते. त्यावर आता खिळे जुळवून मजकूर छापत नाहीत, तर पावत्यांवर क्रमांक घालणे, फाडायच्या रेघेवर छिद्रे पाडणे, जाड कार्डाला घडीची खूण पाडणे आणि साच्याने खोके कापणे ही कामे होतात. लग्नपत्रिकांचे आकडे घटले, कारण बहुतेक आमंत्रणे मोबाइलवरून जातात; पण पहिली पत्रिका गणपतीपुढे आणि कुलदैवतापुढे ठेवायची, वडीलधाऱ्यांच्या हाती अक्षतांसह द्यायची, त्यासाठी थोड्या परंतु चांगल्या कागदाच्या पत्रिका लोक आवर्जून छापतात.

सर्वांत मोठे दालन खोक्यांचे आणि लेबलांचे आहे. मिठाई, मसाले, औषधे यांच्या वेष्टनांना पडद्याचा पर्याय नाही. औषधांच्या 300 प्रमुख ब्रँडवर 1 ऑगस्ट 2023 पासून बारकोड किंवा क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले, तेव्हापासून या कामात अचूकतेला नवे महत्त्व आले आहे, कारण काळी शाई जरा पसरली तरी कोड वाचला जात नाही. 2016 साली यूपीआय आले आणि रोख रकमेची गरज कमी झाली, परंतु भाजीवाल्यापासून सराफापर्यंत प्रत्येकाच्या गल्ल्यापाशी जो कोड असतो तोही शेवटी कोणीतरी छापलेलाच असतो. अमेरिकेतील बिझनेस वीक साप्ताहिकाने 1975 साली कागदाविना चालणाऱ्या कार्यालयाचे भाकीत मांडले. त्याच्या दोनच वर्षे आधी जयंतराव साळगावकरांचे ‘कालनिर्णय’ सुरू झाले होते आणि ते आजही भिंतीवर आहे. भाकीत सर्वस्वी खोटे ठरले असे मी म्हणणार नाही, कारण नोंदी, नकला आणि अर्ज यांचा कागद खरोखरच कमी झाला. मात्र जो कागद हातात धरायचा, भिंतीवर लावायचा, वस्तूभोवती गुंडाळायचा किंवा जपून ठेवायचा, त्याचे काम त्या भाकिताच्या कक्षेत आलेच नव्हते.

छापील मजकुराला जबाबदार माणूस असतो, हाही त्याचा एक भक्कम आधार आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 मधील कलम 127-अ नुसार निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ते द्यावे लागतात, आणि प्रकाशकाने दोन व्यक्तींनी साक्षांकित केलेले प्रतिज्ञापत्र मुद्रकाला द्यावे लागते. येथे ते प्रतिज्ञापत्र हाती आल्याशिवाय प्लेट करीत नाहीत, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. मोबाइलवर फिरणाऱ्या निनावी मजकुराच्या काळात ही शिस्त पाळणारा छापखाना जवळ असणे मला फार मोलाचे वाटते.

दर आसपासच्या छापखान्यांपेक्षा किंचित जास्त आहेत आणि पाचपंचवीस व्हिजिटिंग कार्डे तासाभरात हवी असतील तर हे ठिकाण योग्य नव्हे. त्यासाठी अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातील झेरॉक्स-डिजिटलची दुकाने पुरेशी आहेत. पुस्तक, स्मरणिका, अहवाल किंवा छोट्या उद्योगाची खोकी करायची असतील तर मात्र येथे अवश्य जावे. मजकूर युनिकोडमध्येच द्यावा, छायाचित्रे मोबाइलवरून पाठवताना आकसलेली न देता मूळ फाइलच्या स्वरूपात द्यावीत, खर्चाची फोड लेखी मागावी, लॅमिनेशन केलेला मुखपृष्ठाचा नमुना पाहिल्याखेरीज मंजुरी देऊ नये आणि दिवाळीपूर्वीचे काम असल्यास गणपतीच्या आधीच मजकूर त्यांच्या स्वाधीन करावा.