सहा तारांचे युकुलेले : नऊ महिन्यांच्या वापरानंतर, सूर कोणता लावावा याविषयी

गेल्या दसऱ्याला मी सहा तारांचे टेनर युकुलेले (गिटारसारखे छोटे वाद्य) घेतले, ते मुख्यतः ताईच्या गाण्याला साथ करण्यासाठी. ताई काळी पाचमध्ये गाते, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी हा तिचा सा, आणि घरातली पेटी सोडली तर तिच्या पट्टीत सहज बसेल असे वाद्य माझ्याकडे नव्हते. नागपूरची थंडी, मे महिन्यातला उन्हाळा आणि आता आषाढातली दमट हवा असे तिन्ही ऋतू या वाद्याने पाहिले आहेत. त्यामुळे त्याच्या तारा कशा लावाव्यात याविषयी मी आता अनुभवाने लिहू शकतो.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यापायी माझे पैसे गेले. या वाद्यात तारा सहा असल्या तरी सूर चारच असतात. पाश्चात्य स्वरनावांनी सांगायचे तर जी आणि ई या तारा एकेकट्या असतात, तर सी आणि ए यांच्या जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतल्या दोन तारांमध्ये एका सप्तकाचे अंतर असते. गिटारलेले हे वाद्य दिसायला जवळपास असेच असले, तरी त्याच्या सहाही तारा स्वतंत्र असून त्या ए, डी, जी, सी, ई, ए अशा, म्हणजे गिटारच्या पाचव्या पडद्यावरून वाजवल्यासारख्या, लावतात. मी ऑनलाइन मागवलेल्या ‘सहा तारांच्या युकुलेले संचा’त प्रत्यक्षात गिटारलेलेच्या तारा निघाल्या आणि विक्रेत्याने त्या परतही घेतल्या नाहीत. संच घेण्याआधी त्यावर सी आणि ए दोनदा छापले आहेत का, एवढे अवश्य पाहावे.

नेहमीच्या लावणीत खालचा ए २२० हर्ट्झचा असतो आणि खालचा सी सुमारे २६२ हर्ट्झचा. याचा अर्थ असा की, ज्या जोडीवर आपण चाल वाजवतो, तिच्यातलीच एक तार सबंध वाद्यातली सर्वांत खर्जाची तार ठरते. ए मायनर वाजवताना हे फार गोड लागते, कारण कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा, मूळ स्वर आपोआप तळाशी येतो. एफ मेजर धरला की मात्र तळाशी एफऐवजी ए वाजतो, आणि जी मेजरमध्ये तळाशी बी येतो. सुरुवातीचे दोन महिने मला साथ अधांतरी का वाटते, हे कळतच नव्हते. एका रात्री एकेक तार सुटी छेडून पाहिली, तेव्हा कारण हाती लागले.

डिसेंबरमध्ये मी दोन्ही ए एकाच सप्तकात लावून पाहिले. कॉर्ड स्वच्छ झाले, पण वाद्याचा भरदारपणा गेला आणि दोन आठवड्यांत मी ते बदलले. नंतर त्या चुकून आलेल्या संचातली जीची जाड, गुंडाळीची, एक सप्तक खालची तार नेहमीच्या वरच्या जीच्या जागी चढवली. ती नटच्या (मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खोबणीत बसेना, म्हणून नागपुरातल्या महाल भागातल्या एका कारागिराकडून खोबण किंचित रुंद करून घेतली. सीला सा मानले तर हा जी म्हणजे मंद्र पंचम; त्याचा आधार मिळाल्यावर ताईला ते तानपुऱ्याच्या पहिल्या तारेसारखे वाटले आणि संथ अभंगाला ते शोभलेही. अडचण आली ती मोकळ्या तारांवर, कारण खालचा जी आणि खालचा ए हे एका स्वराच्या अंतरावर एकत्र वाजले की तळाशी नुसता गुरगुराट होतो. माझे स्पष्ट मत असे की, खालचा जी घ्यायचा असेल तर ए जोडी एकाच सप्तकात ठेवावी. मी वरच्या जीकडे परतलो.

खरा उपाय सापडला तो एप्रिलमध्ये, आणि तोही तार तुटल्यामुळे. सी जोडीतली वरची बारीक तार (सुमारे ५२३ हर्ट्झ) दुपारी दोन वाजता, हात लावलेला नसताना, टण्णकन तुटली. तिच्या जागी जाड तार लावून भागत नाही. जाड तारेची एकूण ओढ वाढते, पण तार तुटते ती दर चौरस मिलिमीटरवर येणाऱ्या ताणामुळे, आणि तो तिची लांबी, तिचा सूर आणि तिचा पदार्थ यांवर ठरतो, जाडीवर नाही. सुमारे ४३ सेंटिमीटर लांबीवर नायलॉनची तार इतक्या उंच सुराला फारशी सवड न ठेवता उभी असते. म्हणून सर्व तारा दोन अर्धस्वर खाली उतरवून एफ, बी-फ्लॅट, डी, जी अशा लावल्या. ओढ सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली आणि तेव्हापासून एकही तार तुटलेली नाही.

त्याहून मोठा लाभ पट्टीचा झाला. बी-फ्लॅट म्हणजेच काळी पाच, त्यामुळे मोकळ्या तारा ताईच्या हिशेबाने प, सा, ग, ध अशा झाल्या. सी, एफ आणि जी या सर्वांत सोप्या पकडी आता तिच्या षड्ज, मध्यम आणि पंचमाचे कॉर्ड देतात. पूर्वी तिच्या पट्टीसाठी मला बी-फ्लॅटची आडवी पकड धरावी लागे आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत तर्जनी दुखू लागे. ज्यांचा सा पांढरी एक (म्हणजे सी) आहे, त्यांनी मात्र मूळ लावणी बदलण्याचे काहीच कारण नाही.

उतरवलेल्या लावणीत ए जोडीची खालची तार जोरात छेडल्यावर पडद्यांवर झणझणत असे; त्या एकाच तारेपुरती थोडी जाड तार घेतल्यावर ते थांबले. शेवटची जोडी जीवरून एफवर आणून प, सा, ग, प अशी लावणीही करून पाहिली. कानाला ती अतिशय सुखद वाटली, पण मूळ ए पासून चार अर्धस्वर उतरल्यावर त्या जोडीची ओढ एक तृतीयांशाहून अधिक घटते आणि तारा लुळ्या पडतात. योग्य जाडीच्या तारा मिळाल्या की तो प्रयोग मी पुन्हा करणार आहे.

आपल्याकडच्या हवेविषयी एक गोष्ट सांगायला हवी. कूलर सुरू असलेल्या खोलीतून वाद्य गच्चीवर नेले की दहा मिनिटांत जोड्यांतल्या तारा एकमेकींशी बेसूर होतात, कारण गुंडाळीची तार आणि साधी तार सारख्या प्रमाणात सरकत नाहीत. मी प्रत्येक जोडीतली खालची तार ट्यूनरवर लावतो आणि वरची तिच्याशी कानाने मिळवतो. दोन्ही एकत्र छेडल्यावर आवाजात जी लहर येते, ती सेकंदाला दोनदा, मग एकदा, मग दोन सेकंदांत एकदा अशी मंदावत जाते, आणि पूर्ण विरली की खुंटी सोडायची. सातव्या पडद्याच्या पुढे मात्र थोडी लहर उरतेच, कारण जाड आणि बारीक अशा दोन्ही तारा एकाच सरळ घोडीवर टेकलेल्या आहेत. ताईची साथ पाचव्या पडद्यापलीकडे क्वचितच जाते, त्यामुळे घोडी अजून बदललेली नाही.