कार्निव्हलची चार हजार फुलं

आमची कागदी फुलं विकत घ्यायला आलेल्या माणसानेच आम्हाला कागद विकला, आणि हे आमच्या लक्षात यायला 36 दिवस लागले. तोवर माझे 45,400 रुपये गेले होते आणि सहा बायकांची जवळजवळ महिन्याभराची मेहनत वाया गेली होती. या वर्षी आमच्यासारख्याच दुसऱ्या कुणा गटाला असा फोन येऊ शकतो, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. चवथीला मखरं करते, लग्नाला मंडप सजवते, शिगमोच्या, म्हणजे आमच्याकडच्या शिमग्याच्या, चित्ररथांना कागदी फुलं आणि पताका पुरवते. गटात आम्ही सात जणी. त्यात माझी जाऊ आणि शेजारची मावशीही आहे. मावशीचं वय सत्तरीच्या पुढे, पण क्रेप कागदाला दोन्ही अंगठ्यांनी ताण देऊन ती पाकळीला अशी वाटी आणते की बघत राहावं. जानेवारी ते मार्च हा आमच्या धंद्याचा मोसम. कार्निव्हल, त्याच्या मागोमाग शिगमो. कार्निव्हलची तारीख दरवर्षी बदलते. ख्रिस्ती बांधवांचा उपासाचा काळ राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि त्याच्या आधीचे चार दिवस, शनिवार ते मंगळवार, म्हणजे कार्निव्हल. जुनी माणसं अजून इंत्रुज म्हणतात. 2025 साली हे दिवस 1 ते 4 मार्च असे आले होते.

संक्रांतीनंतर दोन-तीन दिवसांनी फोन आला. बोलणं स्वच्छ मराठी, मुंबईकडचं. "ताई, तुमच्या फुलांचे फोटो पाहिले. असं काम आता कोण करतं?" एका मोठ्या हॉटेलच्या चित्ररथाचं काम आपल्याकडे असल्याचं तो म्हणाला. शनिवारी पणजी, रविवारी मडगाव, सोमवारी वास्को, मंगळवारी म्हापसा, अशा चार मिरवणुकांसाठी फुलांचे चार संच हवेत. शिवाय शेवटच्या रात्री पणजीत 'रेड अँड ब्लॅक' नाच असतो, म्हणून निम्मी फुलं लाल आणि काळी हवीत. ही सगळी माहिती बरोबर होती. गोव्यात राहणाऱ्या कुणालाही ती असते, पण त्या क्षणी मला वाटलं, हा माणूस या कामातलाच आहे.

आधी त्याने 150 फुलं नमुन्यादाखल मागवली. आम्ही घरातल्याच कागदाची करून दिली. एक मुलगा दुचाकीवरून येऊन घेऊन गेला आणि त्याच संध्याकाळी माझ्या खात्यात 3,300 रुपये जमा झाले. फुलाला 22 रुपये! आम्हाला इतका भाव कधीच मिळाला नव्हता. पैसे आल्याचा आवाज फोनवर झाला तेव्हा जाऊबाई स्वयंपाकघरातून धावत आली होती. आज मला कळतं की ते 3,300 रुपये आम्हाला मिळालेली मजुरी नव्हतीच, तो त्याचा खर्च होता.

मग मोठी मागणी आली. 4,000 फुलं आणि कागदाच्या लगद्याचे 60 मुखवटे, मुखवट्याला 250 रुपये. एकूण 1,03,000 रुपये. व्हॉट्सअ‍ॅपवर छापील कागद आला, वर हॉटेलचं चिन्ह, खाली सही-शिक्का. एकच अट होती. चारही संचांचे रंग तंतोतंत सारखे दिसले पाहिजेत आणि दवाने रंग उतरता कामा नये, म्हणून कागद त्यांनी ठरवलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यायचा. 'पक्क्या रंगाचा' कागद, 90 रुपयांना एक गुंडाळी. 300 गुंडाळ्या, म्हणजे 27,000. तार आणि हिरवी टेप मिळून 6,400. शिवाय 12,000 रुपये अनामत, माल पोचला की बिलाबरोबर परत.

इथे मी थांबायला हवं होतं, आणि थांबण्यासाठी लागणारं ज्ञान माझ्याकडे होतं, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. क्रेपची गुंडाळी 50 सेंटिमीटर रुंद आणि अडीच मीटर लांब असते. आमचं मधलं फूल आठ पाकळ्यांचं. एका गुंडाळीत अशी सत्तावीस-अठ्ठावीस फुलं सहज बसतात. म्हणजे चार हजार फुलांना दीडशे गुंडाळ्या पुरतात. त्याने मला बरोबर दुप्पट विकल्या. मी विचारलंही होतं. तो म्हणाला, "ताई, जास्तीच्या ठेवा, ऐन वेळी रंग जुळला नाही तर? उरलेल्या आम्ही परत घेऊ." तोच कागद म्हापशाच्या ओळखीच्या दुकानात मी वीस-बावीस रुपयांना घेते. चौपट भाव देताना मनात आलं होतं, पण लाखाची मागणी समोर असली की हिशेब करायला हात उचलत नाही. मी स्वतःला समजावलं, पक्का रंग महाग असणारच.

23 जानेवारीला मी तीन हप्त्यांत पैसे पाठवले. पाठवण्याआधी स्क्रीनवर नाव आलं ते दुकानाचं नव्हतं, एका माणसाचं होतं. तेही मी विचारलं. "मालकाच्या मेव्हण्याचं खातं आहे, दुकानाचं खातं अपडेट होतंय." मी मान्य केलं. शंका आली, विचारली, उत्तर मिळालं, आणि उत्तर मिळालं म्हणजे शंका फिटली असं मी धरून चालले. असं तीनदा घडलं.

31 जानेवारीला खोकी आली. उघडताच रॉकेलसारखा उग्र वास. कागद पातळ, ताण दिला की फाटणारा. मावशीने पहिली लाल पाकळी ओढली आणि म्हणाली, "ह्यो कागद नव्हं गो, ह्यो रंग लावलेलो पापड." तिची बोटं लाल झाली, साबणाने निघेनात. मी पुरवठादाराला फोन केला. त्याचा आवाज वेगळा होता, जाडसर. पक्का रंग पहिल्यांदा थोडा सुटतो, नंतर बसतो, असं त्याने सांगितलं. पैसे तर गेलेच होते, मागणी हातची जाऊ नये म्हणून आम्ही कामाला लागलो.

फुलाला पाच रुपये मजुरी ठरली होती. सकाळची कामं आटोपून बायका माझ्या सोप्यात जमायच्या. एक पाकळ्या कातरायची, दुसरी ताण द्यायची, तिसरी तारेवर बांधून टेप गुंडाळायची. मुखवट्यांचं काम माझ्याकडे आणि जाऊबाईकडे होतं. मातीच्या साच्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीने थरावर थर चिकटवायच्या, खळीत चिमूटभर मोरचूद घालायचं म्हणजे कीड लागत नाही, दोन दिवस उन्हात वाळवायचं, मग रंग आणि टिकल्या. कार्निव्हलचा राजा असतो त्या राजा मोमोचा गुबगुबीत गालांचा एक मुखवटा इतका छान झाला होता की मुलं त्याला रोज बघायला यायची. फोनवरच्या त्या माणसालाही रोज फोटो लागायचे, रोज शाबासकी मिळायची. "ताई, लाजवाब!" काम करणाऱ्या बाईला तिच्या कामाचं कौतुक किती क्वचित मिळतं, हे त्याला चांगलं ठाऊक असावं.

माल न्यायला गुरुवारी, 27 फेब्रुवारीला टेम्पो येणार होता. आदल्या दिवशी महाशिवरात्र, तरी आम्ही खोकी भरत बसलो होतो. गुरुवारी टेम्पो आला नाही. फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. दुपारनंतर बंद. पुरवठादाराचाही बंद. रात्री खोकी अंगणात मांडवाखाली होती. पहाटे बघितलं तर वरच्या थरातली लाल फुलं दवाने ओघळून पांढऱ्या मुखवट्यांवर डाग पडले होते. ज्या पक्क्या रंगासाठी चौपट पैसे मोजले, तो एक रात्रही टिकला नाही.

शुक्रवारी सकाळी माझा भाचा बँकेचा उतारा घेऊन बसला. तो ओळ ओळ वाचत होता आणि एकदम थांबला. जानेवारीत मला 3,300 रुपये ज्या नावाने आले होते आणि 23 तारखेला मी ज्या नावाने 45,400 पाठवले होते, ते नाव एकच होतं. गिऱ्हाईक आणि पुरवठादार एकच. महिनाभर ते माझ्या पासबुकात लिहिलेलं होतं, मी फक्त रक्कम बघितली होती.

मग भाच्याने कागदाचं बिल काढलं. पत्ता मडगावचा, पण जीएसटी क्रमांक 27 ने सुरू होणारा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. गोव्याचे 30, महाराष्ट्राचे 27. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर हा क्रमांक घालून कुणालाही फुकट बघता येतं की तो कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की रद्द. आम्ही घातला. महाराष्ट्रातल्या भलत्याच एका व्यवसायाचा क्रमांक निघाला, ज्याचा कागदाशी काही संबंध नव्हता. बिचाऱ्याचा क्रमांक कुणीतरी उचलला होता. हॉटेलला फोन केला तर त्यांनी असं कुठलंही काम बाहेर दिलं नव्हतं. हे दोन्ही तपास मिळून दहा मिनिटांत झाले. मी ते जानेवारीत केले नाहीत, कारण मला वाटलं, समोरच्याला अविश्वास दाखवला तर तो दुखावेल आणि काम दुसऱ्याला देईल.

त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. तिथल्या बाईने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत कळवलं तर ते समोरच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मी महिन्यानंतर कळवत होते. खातं रिकामं होतं. तक्रार क्रमांक मिळाला, नंतर पोलीस ठाण्यात जबाब झाला. पैसे आजतागायत आलेले नाहीत.

शनिवारी पणजीत मिरवणूक निघाली, मी गेले नाही. मंगळवारच्या म्हापशाच्या मिरवणुकीसाठी ओळखीच्या एका गावच्या मंडळाने 700 फुलं आठ रुपयांनी घेतली, 5,600 रुपये आले. पिवळी आणि हिरवी त्यातल्या त्यात बरी होती, ती मार्चमध्ये शिगमोच्या रथांवर गेली. लाल-काळी कुणीच घेतली नाहीत. मुखवटे पुसून पुन्हा रंगवले, काही विकले गेले. राजा मोमोचा तो मुखवटा विकायचा नाही असं जाऊबाईने सांगितलं आहे, तो सोप्यात टांगलेला आहे.

खूप जणींनी मला सांगितलं की गप्प बस, लोक हसतील. हसू देत. मी गप्प बसले तर तो माणूस पुढच्या तालुक्यात दुसऱ्या गटाला याच शब्दांत फोन करील. म्हणून त्याचे शब्दच लिहून ठेवते. फुलं असोत, आकाशकंदील असोत, पणत्या असोत, पद्धत तीच राहणार. आधी कामाची तोंड भरून स्तुती. मग छोटी मागणी आणि लगेच पैसे. मग अशी मोठी मागणी, की भाव ऐकूनच डोळे विस्फारतील. आणि मग, "कच्चा माल मात्र आमच्याच माणसाकडून घ्या." हे वाक्य ऐकलं की काम कितीही मोठं असलं तरी तिथेच थांबा. खऱ्या गिऱ्हाइकाला रंगाची काळजी असेल तर तो स्वतः कागद आणून देतो, नाहीतर नमुना देतो आणि तसा तुम्ही कुठूनही आणा म्हणतो. मी इतकी वर्षं काम करते आहे, गिऱ्हाइकाने माझ्याकडून अनामत घेतल्याचं कधीच झालं नव्हतं. अनामत तर गिऱ्हाइकाने आपल्याला द्यायची असते. आता आम्ही निम्मी रक्कम हातात आल्याशिवाय कात्रीच हातात घेत नाही, आणि कुठलंही मोठं काम घेण्याआधी हॉटेल असो की मंडळ, त्यांच्या कार्यालयात दोघी जणी प्रत्यक्ष जाऊन येतो.

बायकांची मजुरी 20,000 रुपये होत होती. त्या म्हणाल्या, नको, तूही फसलीस. पण पाकळ्या त्यांनी ओढल्या होत्या, मी त्यांना भाव सांगितला होता. दर महिन्याला जमेल तसे देते आहे. चवथीच्या मखरांतून चौघींचे पुरते फिटले. मावशी तिचे घेत नाही, म्हणून ते तिच्या सुनेच्या हातात देते. दोघींचे अजून द्यायचे आहेत.