तृणमणी खरा होता, आतला किडा नव्हे

२०१९च्या उन्हाळ्यात मुलाकडे जर्मनीला गेले होते, तेव्हा दोन दिवस पोलंडमधल्या ग्दान्स्कला जाऊन आले. बाल्टिक समुद्राकाठचं हे शहर अंबरसाठी, म्हणजे आपल्या तृणमणीसाठी, प्रसिद्ध आहे. हा प्राचीन झाडांचा चिक, म्हणजे राळ, दगडासारखा घट्ट होऊन बनलेला खडा; त्यात कधी कधी तेव्हाचे किडे अडकलेले सापडतात. तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, पण सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीचा कीटक कधी हातात घेतला नव्हता. एका दुकानात मधाच्या रंगाच्या खड्यात भुंगेरा दिसला आणि पाय तिथून हलेनात.

दुकानदाराने मुळीच घाई केली नाही. खडा लोकरीवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवले. दाट मिठाच्या पाण्यात सोडला, तो तरंगला. अतिनील टॉर्चखाली निळसर उजळला. कोवळी राळ, म्हणजे कोपाल, ॲसिटोनने चिकट होते, म्हणून तो बोळाही फिरवला. खडा साऱ्यांतून पार पडला. मी ९०० झ्लॉटी मोजले, तेव्हाचे साधारण सोळा हजार रुपये.

पुण्यात आल्यावर खडा ग्लिसरीनमध्ये बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. ग्लिसरीनमुळे वरचे ओरखडे दिसेनासे होतात आणि आतलं स्पष्ट होतं. वरून सगळं सुरेख होतं. आडवा केला तर मधोमध केसासारखी रेघ, खड्याला पूर्ण वळसा घालून गेलेली. चपटे बुडबुडे त्याच रेघेच्या पातळीवर, आणि भुंगेराही तिथेच. खडा कापून, पोकळ करून, किडा ठेवून पुन्हा चिकटवला होता. सगळ्या चाचण्या खऱ्याच होत्या, पण त्या राळेच्या होत्या. किड्याची एकही नव्हती.

किड्याकडे नीट पाहिलं असतं तरी शंका यायला हवी होती. चिकात अडकलेला जीव धडपडतो. पाय फाकतात, पंख वाकडे चिकटतात, बाल्टिक अंबरमध्ये अंगाच्या एका बाजूला पुष्कळदा दुधी साय असते. माझा भुंगेरा पाय मुडपून, वाळून मेलेला होता. असे किडे मी विद्यार्थ्यांना हजारदा दाखवले आहेत, म्हणून जास्त लागलं.

ही युक्ती जुनी आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या अशाच एका माशीचं वर्णन विली हेनिग यांच्यासारख्या मोठ्या कीटकशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये खरी समजून केलं होतं. १९९३ मध्ये अँड्र्यू रॉस ती तपासत असताना दिव्याच्या उष्णतेने खड्यात भेग दिसली, तेव्हा ती बनावट असल्याचं कळलं.

मी दुकानाला फोटो पाठवले. उत्तर आलं, प्रमाणपत्र वाचा. वाचलं. त्यावर ‘नैसर्गिक बाल्टिक अंबर’ एवढंच आहे, किड्याबद्दल अक्षर नाही. तुम्ही घेणार असाल तर आतला कीटक नैसर्गिकरीत्या अडकलेला आहे असं त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि पैसे देण्याआधी भिंगाखाली खडा चारही बाजूंनी आडवा फिरवून बघा.