सोलापुरी चादरींसाठी घरी केलेला सागवानी पेटारा : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरातल्या बहुतेक घरांप्रमाणे आमच्याही घरात चादरींना तोटा कधीच नव्हता. अडचण होती ती त्या ठेवायच्या कुठे याची. लग्नकार्यांत आहेर म्हणून आलेल्या आणि पाहुण्यांसाठी शहराच्या पूर्व भागातून, म्हणजे विणकरांच्या वस्तीतून, वेळोवेळी घेतलेल्या अशा 22 चादरी काही लोखंडी कपाटावर, काही दिवाणाच्या पोटात आणि उरलेल्या आईच्या खोलीतल्या जुन्या ट्रंकेत पडून होत्या. गेल्या वर्षी गणपती उठल्यावर मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पेटारा करायला घेतला आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तो आत आणला. त्यानंतर एक हिवाळा, एक पूर्ण उन्हाळा आणि पावसाचे पहिले काही आठवडे त्याने पाहिले आहेत, तेव्हा आता त्याच्याविषयी काही खात्रीने लिहिता येईल.

माप चादरीवरून काढले. नेहमीची एकेरी चादर 60 बाय 90 इंचांची असते; तिची दोन्ही बाजूंनी चार-चार पदरी घडी घातली की 15 बाय साडेबावीस इंचांचा गठ्ठा होतो. असे दोन ढीग शेजारी शेजारी बसावेत म्हणून आतली लांबी 46, रुंदी 17 आणि खोली 16 इंच ठेवली. कागदावर हे चोख वाटले, पण लांबीच्या दिशेने सगळा मिळून एकच इंच मोकळा राहिल्यामुळे तळाची चादर काढताना हाताला जागा मिळत नाही आणि वरच्या सगळ्या आधी बाहेर घ्याव्या लागतात. पुन्हा केला तर लांबी 49 इंच ठेवीन. खोली मात्र 16च्या पुढे कधीच नेणार नाही, कारण त्याहून खोल पेटीत माणसाला कमरेत वाकून शोधाशोध करावी लागते.

लाकूड जुने सागवान होते, आमच्या नात्यातले एक माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर पाडताना निघालेल्या तुळयांचे. जुन्या सागवानाचे गुणगान सगळेच करतात आणि ते खोटेही नाही. सागवानाच्या गाभ्यातल्या नैसर्गिक द्रव्यांमुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. परंतु माळवदाच्या लाकडात वर्षानुवर्षांची माती आणि तुटलेले खिळे असतात, हे सांगायला कोणी विसरू नये. चुंबक फिरवून, दिसतील तेवढे खिळे उपसून मगच ते चिरायला नेले, तरीही एक आत राहिलेला खिळा माझ्या रंध्याच्या पात्याला लागलाच. पात्याची धार पुन्हा लावण्यात एक अख्खा रविवार गेला. कोपरे डव्हटेल सांध्याचे, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या पसरट दातांचे, केले. पहिला कोपरा ओबडधोबड झाला, चौथा बरा. पहिला भिंतीकडे आहे.

खरे सांगायचे ते झाकणाविषयी. चार फळ्या फेविकॉलने जोडून केलेले वीस इंच रुंदीचे झाकण सपाट राहावे म्हणून मी खालून दोन आडपट्ट्या स्क्रूने घट्ट आवळल्या आणि इथेच चूक झाली. लाकूड हवेतला दमटपणा घेते आणि सोडते. लांबीत त्याचा फरक नगण्य असतो, पण रुंदीत ते ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते. मी झाकण जोडले पावसाळ्याच्या शेवटी, म्हणजे लाकूड फुगलेले असताना, आणि पुढे आला तो सोलापूरचा उन्हाळा. मार्चच्या अखेरीस एका दुपारी सुपारी फुटावी तसा आवाज झाला. जाऊन पाहिले तर झाकणाच्या डाव्या टोकापासून पाच इंच लांबीची, नख जाईल एवढी चीर पडलेली.

ज्या वृद्ध सुतारांकडून मी पटाशीला धार लावायला शिकलो, त्यांना बोलावून आणले. चिरेकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. झाकण उघडून पट्टीवर बोट ठेवले आणि म्हणाले, “भोकं गोलच मारलाव की, साहेब.” पट्टीतली स्क्रूची भोके फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट असती, तर फळी आकसताना स्क्रू तिच्यासोबत सरकला असता, गोल भोकात तो अडकला आणि फळीला फाटण्यावाचून मार्ग उरला नाही. पट्ट्या काढून मधले भोक तसेच ठेवले, बाकीची कानशीने दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर लांबवली, स्क्रूखाली वॉशर घातले आणि चिरेत सागवानाची पातळ चीप चिकटवून रंधा मारला. तेव्हापासून झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने रुंदी लिहून ठेवतो. दिवाळीत मोजली होती तेव्हा 508 मिलिमीटर होती, एप्रिलअखेर 505 झाली, आणि परवा, पावसाची झड लागून गेल्यावर, 506. हे तीन मिलिमीटर माझ्या हिशेबात नव्हते, एवढाच काय तो चिरेचा इतिहास.

दुसरी चूक वासाची. बाहेरून केले तसे आतूनही जवसाचे तेल लावले आणि दोन दिवस वाळवून चादरी भरल्या. तेल वरून कोरडे लागते, पण बंद पेटीत ते कित्येक आठवडे वाळतच राहते. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी पाहुणे आले, त्यांना पांघरायला दिलेल्या चादरींना खवट वास येत होता आणि सौभाग्यवतींनी त्याबद्दल मला चार लोकांत ऐकवले. शेवटी आतली बाजू स्पिरिटने पुसून, पॉलिश पेपर मारून चपड्याचे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे, दोन हात दिले. तो तासाभरात वाळतो आणि आठवड्याने त्याचा मागमूस राहत नाही. तेलाच्या चिंध्यांविषयीही एक सूचना आवश्यक आहे: त्या चुरगाळून टोपलीत टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवावी.

झाकणाचे वजन सुमारे आठ किलो भरते. सुरुवातीला साखळी लावली होती, पण साखळी झाकण मागे पडू देत नाही, पुढे पडण्यापासून मात्र थांबवत नाही, हे माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांनी शिकवले. मग कपाटांना लावतात तसे गॅसचे पंप आणले. 150 न्यूटनची जोडी फार जोरकस निघाली. झाकण लावताना ते मधूनच वर उसळे आणि बिजागरीचे स्क्रू सैल होत. 80 न्यूटनच्या जोडीवर आता ते अर्धवट उघडेही थांबते.

कडी-कोयंडा हौसेने पितळी बसवला होता, तो काढून टाकला. बहिणीची मुले लपाछपी खेळताना पेटाऱ्याभोवती घिरट्या घालू लागली, तेव्हा लक्षात आले की झाकण आपटले की कडी आपोआप कोयंड्यावर पडते. आत मूल असेल तर ती आतून निघणार नाही. आता कडी नाही, मागच्या फळीत वर जाळी लावलेली एक-एक इंचाची दोन भोके आहेत, आणि पुढच्या कडेला झाकणाखाली बारीक फट ठेवली आहे.

किडीची भीती मला होती तेवढी खरी ठरली नाही. लोकर खाणारी कसर सुती चादरीच्या नादी लागत नाही. सुती कापडात किड्यांना आवडते ती खळ, म्हणून कोरी चादर एकदा धुऊनच आत ठेवावी. डांबरगोळ्या आईला सहन होत नाहीत, त्यामुळे सावलीत खडखडीत वाळवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याच्या पुरचुंड्या ठेवतो. त्यांचा उपयोग किती होतो हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मे महिन्यात गच्चीवर चादरींना दिलेले ऊन मला जास्त भरवशाचे वाटते, फक्त त्या गार झाल्यावरच आत ठेवाव्यात. एक पांढरा टर्किश टॉवेल उघड्या सागवानाला टेकून राहिला होता, त्यावर पिवळसर डाग आला आणि तो तीन धुण्यांतही गेला नाही. चपडा लावल्यापासून तसे पुन्हा झालेले नाही.

तळाला 12 मिलिमीटरचे पाण्याला टिकणारे प्लायवूड खाचेत सैल बसवले आहे आणि त्याने काहीच त्रास दिला नाही. पाये तीन इंच उंच ठेवल्यामुळे खालून झाडू फिरतो, पण शहाबादी फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते आणि पायांची उघडी टोके ते पाणी पितात. डाव्या पुढच्या पायाला खालून बोटभर काळपट रेष आली आहे. चारही पायांखाली नायलॉनच्या बुश ठोकायच्या आहेत, पण त्यासाठी 22 चादरी बाहेर काढून पेटारा आडवा करावा लागेल आणि तेवढी उघडीप अजून मिळालेली नाही.