नौपाड्यातले लोकरीचे दुकान आणि मागच्या बाजूचे बेकिंगचे कपाट

ज्या शहरात जानेवारीतसुद्धा पहाटेचा तासभर सोडला तर अंगावर स्वेटर ठरत नाही, त्या शहरात लोकरीचे दुकान चालते तरी कसे, हा प्रश्न मला कित्येक वर्षे पडत आला होता. गेल्या वर्षभरात ठाण्यात नौपाड्यातल्या अशा एका दुकानात माझे महिन्यातून दोन-तीनदा जाणे झाले, आणि तिथल्या गल्ल्यासमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांच्या पिशव्यांत डोकावल्यावर उत्तर आपोआप मिळाले. बहुतेक जणी ससे, हत्ती आणि कासवे विणण्यासाठी पन्नास-पन्नास ग्रॅमचे गुंडे नेत होत्या. दुकान जुने, जेमतेम दहा फूट रुंद आणि बरेच खोल आहे. पुढच्या भागात लोकर, सुया, क्रोशाचे हूक आणि भरतकामाचे दोरे आहेत. मागच्या भागात, जिथे पूर्वी म्हणे उरलेसुरले फ्रेम आणि रिंगा पडून असत, तिथे मालकीणबाईंच्या सुनेने बेकिंगच्या सामानाचे एक मोठे कपाट लावले आहे. मी विणतेही आणि सुट्टीच्या दिवशी ओव्हनशी खटपटही करते, त्यामुळे दोन्ही कामे एका फेरीत होतील अशा हिशेबाने मी तिथे जाऊ लागले. दुकानाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जी तक्रार केली आहे ती सुधारण्याजोगी आहे.

आधी लोकरीविषयी, कारण या दुकानाची खरी पत तिथे आहे. माझ्या भाचीची दोन वर्षांची मुलगी ऐरोलीला राहते. तिथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून निघणाऱ्या बोटीतून तिने हिवाळ्यात ठाणे खाडीतले रोहित पक्षी पाहिले आणि घरी आल्यापासून तिला तसाच पक्षी हवा होता. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. खाडीचा हा भाग २०१५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेला, हे आपण मोठी माणसे कौतुकाने सांगतो. मुलीला मात्र एवढेच ठाऊक होते की एक गुलाबी पक्षी चिखलात एका पायावर उभा होता. मी ससे आणि अस्वले विणली होती, पण एवढी लांब मान आणि असले काटकुळे पाय कधी विणले नव्हते.

दुकानात जाऊन मी गुलाबी लोकर मागितली, तेव्हा मालकीणबाईंनी आधी विचारले, "ताई, कोणासाठी? मूल केवढे?" वय सांगितल्यावर त्यांनी लोकर काढण्याआधी दोन गोष्टी नाकारल्या. मी पायांसाठी तार आणि डोळ्यांसाठी मागून चकती बसवायचे प्लास्टिकचे काळे डोळे मागितले होते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात तार विकणार नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले, आणि डोळे काळ्या दोऱ्याने भरून काढा म्हणाल्या, कारण लोकरीचा टाका ताणला की चकतीसकट डोळा बाहेर येतो आणि तो थेट तोंडात जातो. विकता येण्याजोगा माल गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगणारे दुकान मला फार दिवसांनी भेटले. बाजारातल्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे. आपण घरी विणून नातवंडाच्या हातात दिलेल्या सशाची तपासणी मात्र कोणतीही प्रयोगशाळा करत नाही, ती विणणारीनेच करायची असते. मालकीणबाईंना हे नियमाच्या भाषेत सांगता आले नसते, पण त्यांच्या वागण्यात ते होते.

पायांसाठी त्यांनी तिथेच स्टुलावर बसून मला लोकरीची दोरी विणून दाखवली. दोन टोकांच्या सुईवर चार टाके घ्यायचे, सुलट विणायचे, आणि ओळ संपल्यावर सुई न फिरवता टाके दुसऱ्या टोकाकडे सरकवून पुन्हा त्याच बाजूने विणायचे. दोरा मागून ताणला जातो आणि पट्टीची आपोआप गोल दोरी होते. पाच-सहा ओळींत ती बोटाएवढी लांब झाली आणि मी इतकी वर्षे विणत असूनही हे मला कोणी सांगितले नव्हते याची थोडी लाजही वाटली. मानेसाठी त्यांचा सल्ला असा होता की सगळी नळी विणून झाल्यावर फायबर, म्हणजे आत भरायचा कृत्रिम कापूस, कोंबायचा नाही, दर चार बोटांवर थांबून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने घट्ट भरत जायचे. मी तसे केले आणि मान उभी राहिली. नुसतीच उभी राहिली नाही तर अगदी ताठ राहिली, त्यामुळे माझा रोहित चिखलात किडे शोधण्याऐवजी वर्गात उभे राहण्याची शिक्षा झालेल्या मुलासारखा दिसतो, पण तो दोष माझ्या हाताचा आहे.

सुयांच्या बाबतीतही त्यांनी मला एक चूक करण्यापासून वाचवले. आपल्याकडे सुया अजूनही जुन्या इंग्लिश नंबरांनी मिळतात आणि त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक असते. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर आणि १२ नंबर म्हणजे पावणेतीन. चार पदरी लोकरीला स्वेटरसाठी १० नंबर चांगला असला तरी खेळण्यासाठी १२ घ्या, वीण दाट यायला हवी, नाहीतर आतला पांढरा फायबर टाक्यांतून डोकावतो, हे त्यांनी सांगितले आणि माझ्या हातातल्या सुया काढून घेऊन दुसऱ्या दिल्या. क्रोशाने करणाऱ्यांनाही त्या हेच सांगतात आणि लेबलवर लिहिलेल्यापेक्षा एक माप बारीक हूक देतात. शनिवारी दुपारी दोन तास क्रोशाचे शिकवणे असते, त्यात मी एकदा बसले. जादूची रिंग, म्हणजे ओढून घट्ट करता येणारे दोऱ्याचे वेटोळे, तिच्यात सहा मुके खांब, म्हणजे क्रोशाचे साधे आखूड टाके, पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस, असे दर फेरीला सहा वाढवत गेले की वर्तुळ सपाट राहते, आणि वाढवणे थांबवले की त्याची वाटी होते. प्राण्याचे डोके, पोट, कासवाची पाठ, सगळे या एका हिशेबातून निघते. शिकवणाऱ्या बाई चांगल्या आहेत, पण जागा इतकी अपुरी की सहा जणींची कोपरे एकमेकींना लागतात आणि मोजणी चुकते.

एक प्रसंग मात्र मुद्दाम सविस्तर सांगते, कारण पुढचे सगळे म्हणणे त्यावर उभे आहे. मानेपर्यंत आल्यावर माझी लोकर संपली आणि मी त्याच रंगाचा आणखी एक गुंडा घ्यायला गेले. मालकीणबाईंनी गुंडा काढला, त्याच्या कागदी पट्टीवरचा छोटा आकडा चष्मा वर करून वाचला आणि विचारले, "जुन्या गुंड्याची पट्टी आणलीत का?" मी ती फेकून दिली होती. मग त्यांनी समजावले की रंगाचा नंबर एक असला तरी रंगवणीचा लॉट वेगळा असतो, आणि दोन लॉटांतला फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही, उन्हात दिसतो. त्या मला रस्त्यावर घेऊन गेल्या, पिशवीतला अर्धा पक्षी आणि नवा गुंडा शेजारी धरला, आणि फरक दिसला. नवा रंग किंचित जांभळट होता. त्यांच्याकडे जुना लॉट उरला नव्हता. त्यांनी गुंडा विकण्याची घाई केली नाही. मीच तो घेतला, आणि मान पोटापेक्षा वेगळ्या गुलाबी रंगाची झाली. खाडीतल्या पक्ष्यांचा रंगही त्यांच्या खाण्यातल्या शेवाळातून आणि बारीक जीवांतून येतो आणि सगळ्यांचा सारखा नसतो, असे मी भाचीला ऐकवले. तिने ते मान्य केल्यासारखे दाखवले.

आता मागच्या कपाटाकडे वळते. त्यात चांगल्या वस्तू आहेत, हे आधी सांगायला हवे. सहा इंची गोल भांडी, लहान ब्रेडचे साचे, बटर पेपरचे सुटे ताव आणि नैसर्गिक व अल्कलीने प्रक्रिया केलेला असे दोन्ही प्रकारचे कोको तिथे मिळतात. नैसर्गिक कोको आंबट असतो आणि सोड्याबरोबर काम करतो, दुसरा करत नाही, हा फरक सूनबाईंना नीट ठाऊक आहे. तिथून घेतलेली सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे ओव्हनच्या जाळीवर ठेवायचा थर्मामीटर. माझा ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन, १८० अंशांवर लावला की आत पंधरा-सोळा अंश कमी असतात, हे मला त्यामुळे कळले, आणि माझी नानकटाई मधूनच पांढरी का राहते याचे कोडे सुटले. मोजण्याच्या कपांबाबत मात्र पाहून घ्यावे. तिथे २४० आणि २५० मिलिलिटर, दोन्ही मापांचे संच एकाच खोक्यात आहेत. मी आता काट्यावरच मोजते, त्यामुळे मला फरक पडत नाही.

माझा प्रयोग नाचणीच्या केकचा होता. नाचणीत ग्लुटेन नसल्यामुळे ती एकटी केक धरून ठेवत नाही, म्हणून मी साठ भाग कणीक आणि चाळीस भाग नाचणी घेतली, गोडीला गूळ घातला आणि या कपाटातून पारदर्शक पुडीतली बेकिंग पावडर आणली. पहिला केक बसला. मी दोष नाचणीला दिला आणि प्रमाण तीस टक्क्यांवर आणले. दुसराही बसला. मग दोष ओव्हनला दिला, थर्मामीटर पाहून तापमान वाढवले, आणि तिसरा केक वरून करपून आत गिच्च राहिला. जुलैचा महिना होता, बाहेर पाऊस धरलेला, आणि घरात तीन दिवस नाचणीच्या वड्या म्हणून जे काही खाल्ले जात होते त्याबद्दल कोणी उघड बोलत नव्हते. शेवटी मी जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते ते केले. अर्धा चमचा पावडर वाटीभर गरम पाण्यात टाकली. चांगली पावडर असती तर पाणी फसफसून वर आले असते. वाटीत चार बुडबुडे आले आणि पावडर तळाशी जाऊन बसली.

बेकिंग पावडर म्हणजे सोडा, एक कोरडे आम्ल आणि दोन्ही कोरडी राहावीत म्हणून घातलेला स्टार्च. ओलावा लागला की जी क्रिया केकच्या मिश्रणात व्हायची ती पुडीतच सावकाश होऊन जाते. ठाण्याच्या पावसाळ्यात, मोठ्या डब्यातून काढून पातळ पिशवीत बांधलेल्या पावडरीचे हेच होणार. पुडी उलटसुलट करून पाहिली तर तिच्यावर केव्हा बनली, केव्हा बांधली, केव्हापर्यंत वापरावी, यापैकी एक अक्षर नव्हते. खाण्याच्या बांधलेल्या मालावर या तारखा असणे कायद्याने बंधनकारक आहे, पण मला कायद्यापेक्षा आश्चर्य याचे वाटले की ज्या दुकानात पुढच्या बाजूला गुंड्याच्या पट्टीवरचा लॉट उन्हात नेऊन तपासला जातो, त्याच दुकानात मागच्या बाजूला मालाची पट्टी फाडून टाकली जाते. लोकरीचा लॉट चुकला तर फार तर पक्षी दोन रंगांचा होतो. तारीख कळली नाही तर अंडी, गूळ, लोणी आणि अख्खी दुपार वाया जाते.

मी पुडी परत घेऊन गेले. सूनबाईंनी वाद घातला नाही, लगेच सीलबंद डबा काढून दिला आणि पैसेही घेतले नाहीत. वागणूक उत्तम होती, पण मी निघाले तेव्हा तसल्याच पुड्या खिळ्याला टांगलेल्या होत्या. मधल्या काळात मी बेकिंग पावडरीवाचून केक करून पाहिला. अर्धा कप आंबट दही आणि पाव चमचा सोडा, एवढ्यावर पाव किलोच्या आतला केक व्यवस्थित फुगतो, फक्त मिश्रण कालवले की लगेच ओव्हनमध्ये जायला हवे, कारण दही आणि सोडा कोणाची वाट पाहत नाहीत. नाचणी पुन्हा चाळीस टक्क्यांवर नेली आणि तिच्यावर विनाकारण आळ घेतला होता हे सिद्ध झाले.

त्यामुळे माझे मत असे आहे की लोकर, सुया आणि शनिवारचे दोन तास यांसाठी या दुकानात डोळे मिटून जावे. जांभळी नाक्याच्या बाजारात लोकर थोडी स्वस्त पडेलही, पण मुलाचे वय विचारून तार नाकारणारे तिथे मला तरी कोणी भेटले नाही. जाताना जुन्या गुंड्याची पट्टी जपून न्यावी आणि लागेल त्यापेक्षा एक गुंडा जास्त घ्यावा, न उघडलेला गुंडा महिनाभरात परत घेतात. बेकिंगच्या कपाटातून भांडी, कागद, थर्मामीटर आणि सीलबंद डबे घ्यावेत. सुट्या पुड्यांतली बेकिंग पावडर आणि यीस्ट घेऊ नये.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा पुड्यांवर निळ्या पेनाने तारखा लिहिलेल्या दिसल्या. मला बरे वाटले, पण विचारल्यावर कळले की ती तारीख दुकानात पुडी बांधल्याची आहे, मूळ डब्यावरची नाही. सूनबाई म्हणाल्या, "मावशी, पुढच्या वेळी तीही लिहिते." मी पुडी परत खिळ्याला अडकवली आणि पुढे येऊन करड्या लोकरीचे दोन गुंडे घेतले. रोहिताची पिल्ले करड्या रंगाची असतात, आणि भाचीच्या मुलीला आता त्या मोठ्या पक्ष्याचे बाळ हवे आहे. मालकीणबाईंनी दोन्ही पट्ट्यांवरचे आकडे वाचून एकच असल्याची खात्री केली आणि मगच पावती फाडली.