कोळशाच्या ग्रिलची जाळी: स्टेनलेस घ्यायची की प्लेटिंगवाली?

दोन्ही जाळ्या नव्या असताना शेजारी ठेवल्या तर प्लेटिंगवालीच जास्त चकचकीत दिसते आणि स्वस्तही पडते, त्यामुळे हात आधी तिकडेच जातो. पण आत काय आहे ते बघा. प्लेटिंगवाली म्हणजे आतून साधं स्टील आणि वरून क्रोम किंवा निकेलचा मुलामा, तोही केसापेक्षा पातळ. मुलामा शाबूत आहे तोवर जाळी मस्त चालते, साफही पटकन होते. एकदा का कुठे ओरखडा पडला किंवा टवका उडाला की ओल आत शिरते आणि गंज मुलाम्याच्या खालून पसरत जातो, मग पापुद्रे सुटायला लागतात. असे पापुद्रे सुटले की ती जाळी सरळ टाकून द्या, घासून वापरत बसू नका, कारण ते तुकडे खाण्यात जातात.

स्टेनलेसमध्ये क्रोमियम वरून लावलेलं नसतं, धातूतच मिसळलेलं असतं, म्हणून ओरखडा पडला तरी हवेत त्याचा गंज रोखणारा पातळ थर परत आपोआप तयार होतो. आता खरी गोम अशी की नुसतं 'स्टेनलेस' लिहिलंय म्हणून घेऊ नका, ग्रेड, म्हणजे धातूच्या मिश्रणाचा नंबर, विचारा. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, तीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. 430 मध्ये निकेल जवळपास नसतंच, ती स्वस्त पडते पण उघड्यावर राहिली तर गंजाचे ठिपके येतात. चुंबक लावून बघा, 430 ला घट्ट चिकटतो, 304 ला चिकटत नाही किंवा अगदी हलका ओढला जातो. आणि मीठ लागलेली जाळी तशीच ठेवली तर 304 वरही बारीक खड्डे पडू शकतात, हे पण लक्षात असू द्या. तापून सोनेरी-निळसर रंग आला तर घाबरू नका, तो गंज नाही.

स्टेनलेसवर भाजल्याच्या रेघा जास्त छान उठतात असं खूप जण सांगतात, पण खरं म्हणजे साध्या स्टीलमधून उष्णता स्टेनलेसच्या जवळपास तिप्पट सहज वाहते, रेघा उठतात त्या सळीच्या जाडीमुळे. जाड सळी उष्णता धरून ठेवते आणि वाकतही नाही, म्हणून बारीक सळ्यांची स्टेनलेस घेण्यात मला तरी अर्थ वाटत नाही, घ्यायचीच तर 8-9 मिमीची बघा.

मग कुणी काय घ्यावं? वर्षातून चार-दोनदाच ग्रिल पेटतं आणि जाळी कोरडी करून घरात ठेवली जाते, तर प्लेटिंगवाली पुरते, फक्त तारेच्या ब्रशने खरवडू नका, लाकडी खरवडणी वापरा. तारेचा ब्रश तसा स्टेनलेसलाही नकोच, तुटलेली तार जाळीला चिकटून राहते आणि घशात जाऊ शकते. दर आठवड्याला पेटवणार असाल किंवा ग्रिल बाहेरच राहणार असेल तर 304 च घ्या, एकदाच खर्च होतो.

खालच्या, कोळसा ठेवायच्या जाळीला मात्र प्लेटिंग नकोच. निखाऱ्यांच्या धगीत मुलामा टिकत नाही, तिथे जाड साधं स्टील बरं, फक्त राख ओली होऊ देऊ नका. आणि जस्ताचा मुलामा असलेली, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड जाळी तर वर-खाली कुठेच लावू नका, जास्त तापली की जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीत गेला की ताप येतो.