शून्य, चार की आठ? सिलिकॉन कार्बाइडचा वेफर मागवण्याआधी

४एच (थर चार-चारच्या क्रमाने रचलेला स्फटिकप्रकार) सिलिकॉन कार्बाइडचे वेफर, म्हणजे चकत्या, मागवायचे ठरले की कोटेशनमधल्या एका रकान्यापाशी गाडी अडते: ऑफकट, म्हणजे स्फटिकाच्या थरांशी वेफरचा काप जितका तिरका तो कोन, किती अंशांचा? नुसती किंमत बघून टिक मारू नका. पृष्ठभागावरच्या पायऱ्या त्या आकड्याने ठरतात आणि एपी लेयर (वेफरवर वाढवलेला त्याच स्फटिकाचा थर) त्या पायऱ्यांवरच वाढायची असते.

हिशेब सोपा आहे. सिलिकॉन-कार्बनच्या एका जोडथराची उंची ०.२५ नॅनोमीटर. आठ अंश तिरक्या कापावर पायरीची रुंदी साधारण १.८ नॅनोमीटर भरते, चार अंशांवर ३.६. शून्यावर फक्त कापताना राहिलेल्या किरकोळ तिरकेपणाच्या पायऱ्या, त्याही लांब लांब.

अणू पायरीच्या कडेपर्यंत पोचला तर खालच्या थरांचा क्रम तिथे उघडा असतो. तो त्याच क्रमात बसतो आणि ४एचवर ४एचच वाढतं. मधल्या सपाटीवरच अणूंचा घोळका जमला, तर क्रम कळायला काही मार्ग नाही. तिथे ३सी, म्हणजे वेगळ्या क्रमाचं, नको असलेलं सिलिकॉन कार्बाइड उगवतं. क्योटो विद्यापीठात मात्सुनामी यांच्या गटाने १९८० च्या दशकात हे हेरलं आणि तिरक्या कापाचे वेफर रूढ झाले.

मग अरुंद पायऱ्यांचा आठच का नको? आठचं दुखणं भट्टीत नाही, करवतीपाशी आहे. अक्षावर सरळ वाढलेला बूल (ज्यातून वेफर कापतात तो स्फटिकाचा ठोकळा) तिरका कापला की दोन्ही टोकांना पाचरी उरतात. १५० मिलिमीटर व्यासाला आठ अंशांनी बुलाची २१ मिलिमीटर उंची हातची जाते, चारने साडेदहा. बूलच मुळात काही सेंटिमीटरचा, त्यातले दोन असे घालवणं कुणाला परवडणार? व्यास वाढत गेला तसा बाजार चारवर आला.

चारचा आणखी एक फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. बेसल प्लेन डिसलोकेशन (स्फटिकाच्या थरांच्या पातळीत पडलेला रेषेसारखा दोष), रोजच्या बोलण्यात बीपीडी, बायपोलर (इलेक्ट्रॉन आणि होल दोन्ही वाहणाऱ्या) डिव्हाइसचा वैरी: करंट वाहू लागला की त्यातून स्टॅकिंग फॉल्ट (थरांचा क्रम चुकलेले पट्टे) पसरतात आणि फॉरवर्ड व्होल्टेज चढत जातं. कोन कमी असला की लेयर वाढताना बीपीडी वळून थ्रेडिंग एज डिसलोकेशन (थर छेदून वर जाणारा दोष) होण्याचं प्रमाण वाढतं, आणि ते त्या मानाने निरुपद्रवी.

याची वसुली होते स्टेप बंचिंगमधून, म्हणजे छोट्या पायऱ्या एकत्र येऊन मोठ्या होण्यातून. नोमार्स्की मायक्रोस्कोपखाली चांगली लेयर म्हणजे बघायला काहीच नाही. बंचिंग झालं की मुख्य फ्लॅटला (वेफरच्या कडेची सरळ कापलेली बाजू) काटकोनात बारीक, समांतर रेघा दिसतात, कॉर्डरॉयच्या कापडासारख्या. रेघ भलत्याच दिशेने धावत असेल तर आधी पॉलिशिंगच्या ओरखड्याचा संशय घ्या, एपीवर खापर फोडू नका. बंचिंगवर उपाय म्हणून भट्टीत सोडलेल्या वायूंमधलं कार्बन-सिलिकॉन गुणोत्तर खाली आणतात, पण तेही फुकट नाही. कार्बन कमी पडला की त्याच्या जागा नायट्रोजन बळकावतो, आणि जाड, हलक्या डोपिंगच्या ड्रिफ्ट लेयरमध्ये (व्होल्टेज पेलणाऱ्या थरात) नेमका तोच नको असतो. माझं ऐकाल तर गुणोत्तराला हात लावण्याआधी हायड्रोजन एचिंगनंतरचा (वाढीआधी हायड्रोजनने पृष्ठभाग खरवडल्यानंतरचा) वेफर बाहेर काढून बघा. बंचिंग कित्येकदा तिथेच सुरू झालेलं असतं.

शून्यावर बीपीडी लेयरमध्ये चढत नाहीत, हे मोठंच आकर्षण. स्वीडनमधल्या लिनशॉपिंग विद्यापीठात सिलेन वायूने एचिंग करून शून्यावर ४एच वाढवलंही आहे. पण ३सीची टांगती तलवार घेऊन रोजचे रन काढायची माझी तयारी नाही. गॅलियम नायट्राइडचे आरएफ ट्रान्झिस्टर करायचे असतील तर गोष्ट वेगळी. तिथे सेमी-इन्सुलेटिंग (वीज जवळजवळ न वाहू देणारा) वेफर शून्याचाच घ्या.

पॉवर डायोड किंवा मॉसफेट असेल तर चार. कोटेशनवर कोनाबरोबर तिरकेपणाची दिशा आणि सिलिकॉन फेस (वेफरची सिलिकॉन अणूंची बाजू) हेही लिहून घ्या. कपाटात आठचे जुने छोटे वेफर पडून असतील तर हात बसवायला खुशाल वापरा, फक्त त्यांच्यावर जमलेली रेसिपी चारवर जशीच्या तशी चढवू नका.